अक्षहृदय ते पोकर : बोलीवरून पत्ते ओळखण्याचे गणित

महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान येते. द्यूतात राज्य गमावलेला नलराजा बाहुक हे नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते आणि दोघे रथातून विदर्भाकडे निघतात. वाटेत बेहड्याचे एक झाड लागते. झाडाकडे नुसते पाहून ऋतुपर्ण त्याच्या पानांची व फळांची संख्या सांगतो. दोन फांद्यांवर मिळून २०९५ फळे आहेत, असा नेमका आकडा तो देतो. नलाला ते पटत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो आणि फळे मोजतो. आकडा बरोबर निघतो. हे कसे साधले, असे विचारल्यावर ऋतुपर्ण म्हणतो, की मला अक्षहृदय म्हणजे फाशांचे मर्म कळते आणि मी संख्याशास्त्रातही निष्णात आहे. नल त्याला अश्वविद्या देतो व त्याच्याकडून अक्षहृदय घेतो. पुढे याच विद्येच्या बळावर तो पुष्कराकडून राज्य परत जिंकतो.

दमयंतीच्या माहेरची राजधानी कुंडिनपूर. परंपरेने ती वर्धा नदीकाठच्या, अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूरशी जोडली जाते. हीच वर्धा पुढे यवतमाळ जिल्ह्याची सीमा आखीत जाते. बेहड्याची झाडेही आपल्या भागाला नवीन नाहीत. त्यामुळे ही कथा विदर्भातल्या विद्यार्थ्यांना घरची वाटावी. परंतु तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो वर्गात सहसा विचारला जात नाही. झाडाची फळे मोजण्याचा आणि जुगार जिंकण्याचा संबंध काय?

याचे उत्तर जुन्या खेळाच्या रीतीत आहे. वैदिक काळातील फासे आजच्यासारखे सहा बाजूंचे ठोकळे नव्हते. बेहड्याच्या बियाच फासे म्हणून वापरीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात त्यांचा उल्लेख आहे. अभ्यासकांनी या खेळाची जी मांडणी केली आहे तिच्यानुसार ढिगातून मूठभर बिया उचलायच्या आणि त्यांना चाराने भागायचे. बाकी शून्य राहिली तर कृत, तीन राहिली तर त्रेता, दोन राहिली तर द्वापर आणि एक राहिली तर कली. कृत सर्वांत चांगले व कली सर्वांत वाईट. युगांची नावेही हीच आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. अशा खेळात ज्याला ढिगाकडे पाहताक्षणी संख्या कळते तो जिंकणार, हे उघड आहे. म्हणून झाड मोजणे आणि फासे जिंकणे या एकाच विद्येच्या दोन परीक्षा ठरतात. विज्ञानाचे तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या उगमावरील आपल्या १९७५ मधील ग्रंथात या कथेची आवर्जून दखल घेतली आहे.

अक्षहृदयाला मात्र एक मर्यादा आहे. त्यात मोजायची असते ती वस्तू. बेहड्याची बी आपली संख्या लपवीत नाही आणि आपल्याला फसवावे असा तिचा हेतूही नसतो. पत्त्यांचा खेळ सुरू झाला आणि मोजण्याच्या या विद्येपुढे नवेच कोडे उभे राहिले. आता समोर माणूस बसलेला असतो. त्याच्या हातात काय आहे हे त्याला ठाऊक आहे, आपल्याला नाही. तो जी बोली लावतो ती त्या लपलेल्या माहितीतून निघते. बोली म्हणजे त्या माहितीची सावली. सावलीवरून वस्तू ओळखता येईल का? आणि सावली मुद्दाम वाकडी पाडली असेल तर? या प्रश्नाचा इतिहास आपण पाहणार आहोत.

तीन पत्तीचे २२,१०० हात

युरोपातही संभाव्यतेचा अभ्यास फाशांपासूनच सुरू झाला. इटलीतील वैद्य व गणिती कार्डानो (१५०१–१५७६) याने जुगारावर एक पुस्तिका लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापली गेली. पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांचा १६५४ मधील पत्रव्यवहार तर या शास्त्राचा जन्मच मानला जातो. अर्धवट राहिलेल्या खेळातील पैसे दोघांत न्याय्य रीतीने कसे वाटावेत, हा त्यांचा प्रश्न होता. या सर्व प्रश्नांत दैवाचा हिशेब होता, प्रतिस्पर्ध्याच्या मनाचा नव्हता.

पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाला. आपल्याकडे पोळा-दिवाळीच्या दिवसांत रंगणारी तीन पत्ती त्याचीच चुलत बहीण म्हणावी लागेल. ब्रॅग या इंग्रजी खेळाशी तिचे जवळचे नाते आहे. नियम घरोघरी माहीत असल्यामुळे आम्ही येथे तीच उदाहरणादाखल घेतो.

५२ पत्त्यांतून ३ पत्ते २२,१०० प्रकारे निवडता येतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे सूत्राने काढता येईल. त्यांपैकी तिन्ही पत्ते एकाच किमतीचे असे ५२ हात, एकाच रंगाचा क्रम असलेले ४८, साधा क्रम असलेले ७२०, नुसता रंग जुळणारे १,०९६ आणि जोडी असलेले ३,७४४ हात असतात. उरलेले १६,४४० हात काहीच न जुळलेले. म्हणजे जोडी किंवा त्याहून चांगला हात ५,६६० वेळा, शेकडा सुमारे २६ वेळा येतो. चारांतल्या जवळजवळ तीन डावांत हाती काहीच नसते. येथपर्यंतचे गणित कार्डानोच्या वाटेने होते. यात समोरच्याची बोली आलेली नाही.

आता समजा, समोरच्या खेळाडूने पत्ते पाहून मोठी चाल केली. त्याच्या हाती खरेच काही असण्याची शक्यता किती? ती २६ टक्केच राहिली, असे म्हणता येणार नाही, कारण बोलीने आपल्याला काहीतरी सांगितले आहे. ते नेमके किती, हे काढण्याची रीत थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाने दिली. बेझ १७६१ मध्ये वारला. त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने तो निबंध १७६३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवला. सूत्राला घाबरण्याचे कारण नाही. नुसत्या मोजणीने ते समजते.

एक खेळाडू असा घेऊ, की चांगला हात आला तर तो नेहमी मोठी चाल करतो आणि काही नसताना दहांतून एकदा हूल देतो. २२,१०० हातांपैकी चांगल्या ५,६६० हातांवर त्याची चाल येईल. वाईट १६,४४० हातांपैकी १,६४४ वेळा हूल येईल. एकूण चाली ७,३०४. त्यांपैकी खऱ्या ५,६६०, म्हणजे शेकडा ७७. दुसरा खेळाडू वाईट हातावर तीनांतून एकदा हूल देणारा आहे. त्याच्या हुली ५,४८० होतील. एकूण ११,१४० चालींत खऱ्या ५,६६०, म्हणजे शेकडा ५१. तिसरा कधीच हूल देत नाही. त्याची चाल आली की हाती काहीतरी आहेच. चौथा हातात काहीही असले तरी चाल करतो. त्याच्या बोलीतून काहीच कळत नाही आणि शक्यता पुन्हा २६ टक्क्यांवर येते.

चौघांची चाल एकच, रक्कमही एकच. अर्थ मात्र चार. बोलीचा अर्थ बोलीत नसून ती लावणाऱ्याच्या सवयीत असतो, ही बेझच्या रीतीची शिकवण आहे. म्हणूनच प्रतिस्पर्धी ओळखायचा तर त्याचा हूल देण्याचा दर माहीत हवा.

नोंदवहीतला सापळा

हा दर कसा कळणार? पाहून, मोजून. समोरासमोरच्या खेळात चेहरा, हाताची थरथर, आवाज यांवर भिस्त असते. पैसे लावून संगणकावर पोकर खेळण्याची सोय १९९८ मध्ये सुरू झाली आणि चेहरा नाहीसा झाला. उरल्या त्या दोनच गोष्टी, बोलीची रक्कम आणि ती लावायला घेतलेला वेळ. परंतु प्रत्येक डावाची नोंद आपोआप होऊ लागली. शंभर डावांत हा गडी किती वेळा पैसे लावून डावात शिरतो आणि त्यांपैकी किती वेळा बोली वाढवतो, या दोन आकड्यांवरून त्याचा स्वभाव बराचसा उलगडतो. वारंवार शिरणारा पण क्वचित वाढवणारा खेळाडू एरवी मुकाट पैसे भरीत राहतो. तोच एकदम मोठी बोली लावू लागला तर आपण पत्ते टाकावेत, हे बरे. कमी पैशांच्या खेळात असे सरळमार्गी खेळाडू पुष्कळ भेटतात. त्यामुळे ही नोंदवही तेथे उपयोगी पडते.

पण या नोंदवहीत दोन सापळे आहेत आणि ते विज्ञानाच्या प्रत्येक शाखेत भेटतात. पहिला सापळा लहान नमुन्याचा. समजा, एकाचे दहा रिकामे हात आपल्याला कळले आणि त्यांत हूल एकदाच होती. तो दहांतून एकदा हूल देणारा आहे, असे आपण लिहून ठेवले. परंतु तीनांतून एकदा हूल देणारा खेळाडूही दहा हातांत एकदाच हूल देईल किंवा एकदाही देणार नाही, याची शक्यता शेकडा १० असते. हे द्विपद विस्ताराने कोणीही पडताळून पाहावे. वर पाहिल्याप्रमाणे या दोन खेळाडूंच्या चालीचा अर्थ अगदी वेगळा आहे. दहा नोंदींवर विसंबलेला माणूस अशा गड्यापुढे चांगले पत्ते टाकून देत राहील.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. समोरच्याचे पत्ते आपल्याला केव्हा दिसतात? डाव शोपर्यंत गेला तरच. हूल यशस्वी झाली, आपण पत्ते टाकले, तर त्याच्या हातात काय होते हे कधीच कळत नाही. म्हणजे नोंदवहीत फसलेल्या हुली तेवढ्या येतात, साधलेल्या येत नाहीत. जो नमुना आपोआप गाळला जातो तो साऱ्या समूहाचे चित्र दाखवीत नाही. बाजार समितीच्या आवारात आलेल्या कापसावरून जिल्ह्याच्या पिकाचा अंदाज बांधणाराही याच सापळ्यात सापडतो. ज्याचे पीक बुडाले तो शेतकरी तेथे आलेलाच नसतो.

तीन पत्ते, दोन खेळाडू

समोरच्याला वाचण्याचा प्रयत्न दोन्ही बाजूंनी चालतो. मी तुम्हाला वाचतो हे तुम्हाला कळले, तर तुम्ही वागणे बदलाल. मग मी बदलेन. या साखळीला अंत आहे का, हा प्रश्न विसाव्या शतकात गणितज्ञांनी हाती घेतला. फ्रान्समध्ये एमिल बोरेल याने १९२१ पासून अशा खेळांवर टिपणे लिहिली व पोकरचा एक सोपा नमुना मांडला. हंगेरीत जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमान याने १९२८ मध्ये मूलभूत प्रमेय सिद्ध केले. ज्या खेळात एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा फायदा, अशा दोघांच्या खेळात प्रत्येकापुढे काही मोजक्याच चाली असतील, तर दोघांनाही एक सुरक्षित डावपेच उपलब्ध असतो. मात्र त्यासाठी चाली ठरावीक प्रमाणात मिसळाव्या लागतात. नॉयमान आणि अर्थशास्त्रज्ञ ओस्कार मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ मधील प्रसिद्ध ग्रंथात पोकर व हूल यांचे सविस्तर विवेचन आहे.

हा विचार शाळेत शिकवता येईल इतका सोपा केला तो हॅरॉल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने, १९५० मध्ये. त्याच्या खेळात फक्त तीन पत्ते. आपण गुलाम, राणी आणि राजा घेऊ. दोघे खेळाडू प्रत्येकी एक चिंचोका मध्ये टाकतात व एकेक पत्ता घेतात. तिसरा पत्ता पालथा राहतो. पहिल्याने आणखी एक चिंचोका लावावा किंवा गप्प राहावे. एकाने लावला तर दुसऱ्याने एक टाकून शो मागावा किंवा पत्ता टाकून द्यावा. पहिला गप्प राहिला तर दुसऱ्याला लावण्याची संधी मिळते. दोघेही गप्प राहिले तर लगेच शो. मोठा पत्ता जिंकतो.

राजा हाती असलेल्याने चिंचोका लावावा, हे समजते. पण गुलामवाल्याने कधीच लावला नाही तर? मग चाल म्हणजे राजाच, हे समोरच्याला कळेल. त्याच्याकडे राणी असेल तर तो निमूटपणे पत्ता टाकील आणि राजाची कमाई घटेल. उलट गुलामावर नेहमी हूल दिली तर राणीवाला प्रत्येक वेळी शो मागेल. मधले प्रमाण कोणते?

राणीवाल्याच्या जागी बसून पाहू. मध्ये दोन चिंचोके होते, समोरच्याने तिसरा टाकला. शो मागायला एक खर्च करावा लागतो. हूल असेल तर तीन मिळतात, राजा असेल तर टाकलेला एक जातो. तीन राजांमागे एक गुलाम, या प्रमाणात हूल आली तर फायदा-तोटा तंतोतंत सारखा होतो. शो मागा किंवा मागू नका, फरक पडत नाही. म्हणून राजावर जितक्या वेळा चाल केली जाते त्याच्या एक-तृतीयांश वेळा गुलामावर हूल द्यावी. त्याच रीतीने निघते, की दुसऱ्या खेळाडूने राणी हाती असताना समोरच्या चालीवर तीनांतून एकदा शो मागावा. दोघेही असे अचूक खेळले तर पहिला खेळाडू दर डावाला सरासरीने चिंचोक्याचा अठरावा भाग हरतो. कारण आधी बोलणाऱ्याची माहिती आधी उघडी पडते.

या निकालात एक मोठे मर्म आहे. हूल देणे हा लबाड स्वभावाचा भाग मानला जाई. कूनच्या तीन पत्त्यांत ते निव्वळ गणित ठरते. हूल द्यायची ती तेवढा डाव मारण्यासाठीच नव्हे. तिच्यामुळे आपल्या खऱ्या बोलीलाही किंमत राहते. आणि असे प्रमाण सांभाळणाऱ्याला वाचून काही मिळत नाही. दुसऱ्याला वाचणे आणि स्वतः वाचले न जाणे, असे दोन मार्ग येथून वेगळे झाले.

संगणकाने निवडलेला मार्ग

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात पोकर खेळणारे संगणकीय कार्यक्रम तयार केले. सुरुवातीस त्यांनी पहिला मार्ग धरला. प्रतिस्पर्ध्याच्या बोलीवरून त्याच्या संभाव्य हातांचे वजन बदलत जाणारी त्यांची पद्धत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती म्हणजे बेझचीच रीत. परंतु चांगला खेळाडू आपली चाल बदलतो आणि तोवर जमवलेली नोंद निरुपयोगी होते. पुढे या गटाचा भर दुसऱ्या मार्गावर आला. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी मर्यादित बोलीचे दोघांचे पोकर व्यवहारतः सोडवल्याचे जाहीर केले. त्यासाठी सुमारे ४,८०० संगणक-प्रक्रियक दोन महिन्यांहून अधिक काळ चालवावे लागले. संगणक स्वतःशीच खेळत राहिला आणि प्रत्येक निर्णयाचा किती पश्चात्ताप व्हायला हवा होता, याचा हिशेब ठेवून सुधारत गेला.

जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या कार्यक्रमाने अमर्याद बोलीच्या पोकरमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले. वीस दिवसांत १,२०,००० डाव झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दिवसभर खेळाडू संगणकाच्या खेळातील फटी शोधीत. रात्री संगणक त्या खेळाडूंच्या सवयी अभ्यासत बसला नाही. आपल्या कोणत्या फटीवर त्यांचा हल्ला झाला ते पाहून तो त्या बुजवीत राहिला. २०१९ मध्ये प्लुरिबस या कार्यक्रमाने सहा जणांच्या खेळातही हेच करून दाखवले.

कापूस, आकडा आणि मटका

पॅटर्न म्हणजे नमुना शोधण्याची हौस आपल्याकडे पत्त्यांपुरती राहिलेली नाही. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. येथून मूर्तिजापूरकडे जाणारी अरुंद मापाची रेल्वे किलिक निक्सन कंपनीने मुख्यतः कापसासाठीच बांधली. कापूस मुंबईला जाई आणि मुंबईचा बाजार न्यूयॉर्ककडे डोळे लावून असे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता आणि बंद होतानाचा भाव तारयंत्राने मुंबईत येई, त्याच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. हाच आकडा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस हा व्यवहार थांबला. मग चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढण्याची पद्धत आली. तिचा मटका झाला. पुढे चिठ्ठ्यांची जागा पत्त्यांनी घेतली. ओपन आणि क्लोज हे शब्द मात्र कापसाच्या बाजारातले, ते तसेच राहिले.

मागील आकड्यांचे तक्ते पाहून उद्याचा आकडा सांगणारे लोक गावोगाव असतात. पोकरमध्ये नोंदवही उपयोगी पडते, मग हे तक्ते का नाहीत? पोकरची बोली लपलेल्या पत्त्यांवर अवलंबून असते, म्हणून तिच्यातून माहिती गळते. निष्पक्ष सोडतीत उद्याच्या चिठ्ठीला कालची चिठ्ठी ठाऊकच नसते. तेथे गळायला माहितीच नाही. आणि सोडत निष्पक्ष नसेल तर कोणत्या आकड्यावर किती पैसे लागले हे चालवणाऱ्यालाच ठाऊक असते. त्या खेळात वाचले जातात ते खेळणारे. एका रुपयाला नऊ रुपये असा भाव धरला तर दहा आकड्यांच्या सोडतीत दर रुपयामागे सरासरीने दहा पैसे जातात. शंभर रुपये दहा वेळा फिरवले तर सरासरीने ३५ उरतात.

बोली वाचण्याचा खरा व्यवहार शेतकऱ्याच्या आयुष्यात येतो तो बाजारात. पूर्वी अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मात्र त्यातले काहीच दिसत नसे. दोघांना बोली कळते आणि तिसऱ्याला कळत नाही, असा हा खेळ. वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७ मध्ये कायदा झाला. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कृषी उत्पन्न बाजार कायद्याने उघड लिलावाची चौकट घालून दिली. उघड बोली हा नुसता सोयीचा नियम नाही. माहितीची वाटणी करणारे ते एक साधन आहे.

शेकडा पाचाची गोष्ट

आता कमी पैशांच्या ऑनलाइन पोकरकडे वळू. समोरचे खेळाडू कच्चे, आपण बोली वाचायला शिकलो, तर जिंकणारच, असा तरुणांचा युक्तिवाद असतो. त्यात दोन गोष्टी सुटतात.

पहिली, चालकाचे कमिशन. सहा जण प्रत्येकी २०० रुपये घेऊन बसले, म्हणजे एकूण १,२०० रुपये. प्रत्येक डावात सरासरी ६० रुपये जमतात आणि चालक शेकडा ५ घेतो असे धरू. दर डावाला ३ रुपये गेले. शंभर डावांत ३०० रुपये, म्हणजे टेबलावरच्या पैशांचा चौथा भाग नाहीसा झाला. ऑनलाइन शंभर डाव व्हायला दीडेक तास पुरतो. नॉयमानच्या खेळात एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा फायदा होता. येथे सर्वांची बेरीज सतत घटत असते. इतरांपेक्षा थोडे बरे असून भागत नाही.

दुसरी गोष्ट, आपण खरेच जिंकणारे आहोत हे कळणार कसे? शंभर डावांमागे सरासरी नफा ५ रुपये आणि प्रमाण विचलन ८० रुपये असा एक बऱ्यापैकी कुशल खेळाडू धरू. डाव वाढतील तसा नफा त्या पटीत वाढतो, विचलन वर्गमुळाच्या पटीत. नफा विचलनाच्या दुप्पट होण्यास शंभराच्या १,०२४ तुकड्या लागतात, म्हणजे एक लाखाहून अधिक डाव. ताशी सत्तर डाव धरून रोज दोन तास खेळले तरी दोन वर्षे लागतील. तोवर कौशल्य आणि नशीब यांतला फरक खेळणाऱ्याला स्वतःलाही खात्रीने सांगता येत नाही. महिनाभर जिंकलेल्या मुलाला आपण समोरच्याला वाचतो असे वाटते, त्या वाटण्याला पुराव्याचा आधार नसतो. कापसाच्या चुकाऱ्यावर ज्या घराचे वर्ष निघते त्या घरात ही चूक महागात पडते.

न्यायालयांनाही कौशल्य आणि नशीब यांची सीमा सहज सापडली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. त्याच निकालात तीन पत्तीचा उल्लेख मात्र निव्वळ नशिबाचा खेळ म्हणून आला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला कौशल्याचा खेळ मानण्यास नकार दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, पुरवण्यास बंदी आहे. कायद्याने हा जुना वादच बाजूला ठेवला.

वर्गात मात्र हा वाद बाजूला ठेवू नये, असे आम्हाला वाटते. कूनचा खेळ चिंचोक्यांवर खेळता येतो. वर्गातील जोड्यांना प्रत्येकी पन्नास डाव खेळू द्यावेत. एकाने प्रत्येक डावाची नोंद ठेवावी, पत्ते दिसले की नाही हेही लिहावे. नंतर पालथे पत्ते उघड करून ठेवलेली दुसरी नोंद तिच्याशेजारी ठेवावी. शोमध्ये दिसलेल्या हुली किती आणि प्रत्यक्ष दिलेल्या किती, हा फरक मुलांनी स्वतः मोजला की अपुऱ्या नमुन्याविषयी वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही. सोबत एक बरणी चिंचोक्यांनी भरून ठेवावी व न मोजता अंदाज करण्यास सांगावे. ऋतुपर्णाने आकडा सांगितल्यावर नलाने तो मान्य करून रथ पुढे हाकला नव्हता. तो खाली उतरला आणि त्याने फळे मोजली. आपल्या विद्यार्थ्यांनी ऋतुपर्ण व्हावे की नाही, हे पुढचे पुढे. निदान नलाएवढे तरी त्यांनी खाली उतरून मोजावे.